सुट्टी धरूनच रेट काढा: नव्याने गुत्तं घेणाऱ्यांसाठी

आयटीआय करून किंवा नोकरी सोडून स्वतःची कामं ठरवून, म्हणजे गुत्तं, घ्यायला लागलेल्या पोरांसाठी हे लिहितोय. वायरिंग असो, एसी असो, सीसीटीव्ही, प्लंबिंग, पीओपी, फॅब्रिकेशन, काहीही. मी लातूरला इलेक्ट्रिकल आणि एसीची कामं घेतो म्हणून उदाहरणं त्यातलीच येतील, पण हिशोब सगळ्यांचा सारखाच आहे.

नोकरीत आठवड्याची सुट्टी कुणीतरी ठरवून दिलेली असते आणि महिन्याचा पगार त्या सुट्टीसकट येतो. स्वतःचं काम सुरू केलं की सुट्टी म्हणजे खाडा, आणि खाडा म्हणजे त्या दिवसाचे पैसे गेले. मग होतं काय, की काही जण वर्षभर रविवार नाही सण नाही असं राबतात आणि कंबर नाहीतर गुडघा बोलायला लागल्यावर महिनाभर घरी बसतात, आणि काही जण मनात आलं की गावाकडं जातात आणि महिनाअखेरीला दुकानदाराची उधारी थकते. दोन्ही ठिकाणी दुखणं एकच आहे. रेट काढताना सुट्टी धरलेलीच नसते. बाजारात जो आकडा चालतो तो आपण पण सांगतो, आणि सुट्टी घ्यायची तर ती घरच्या पैशातून घ्यावी लागते.

आधी दिवस मोजा

वही घ्या आणि ३६५ लिहा. त्यातून ५२ आठवडी सुट्ट्या काढा, राहिले ३१३. सणाचे १४ धरा. आपल्याकडं पोळा, महालक्ष्म्या, दसरा, दिवाळी, वेळ अमावस्या, पाडवा, गावची जत्रा एवढं मोजलं तरी १४ होतात, हे जास्त नाहीत. राहिले २९९. लग्नं, पाहुणे, गावाकडची शेतीची कामं, मुलांच्या शाळेचं काही, याला १५. राहिले २८४. आजारपणाचे ८, राहिले २७६.

आता नवीन पोरं जे विसरतात ते. काम आहे पण पैसे नाहीत असे दिवस. साइट बघायला जाणं, कोटेशन देणं, मटेरियल आणायला गंजगोलाईत (लातूरची मुख्य बाजारपेठ) अर्धा दिवस जाणं, गवंड्याचं काम झालं नाही म्हणून परत येणं, पाऊस, उधारी मागायला मारलेल्या चकरा. अर्धे अर्धे दिवस मिळून वर्षाला ५६ सहज भरतात. म्हणजे खरे पैसे देणारे दिवस राहिले २२०.

हा माझा अंदाज आहे, तुमचा आकडा वेगळा येईल. पण ३०० धरून हिशोब करणारा माणूस दरवर्षी तोट्यात असतो आणि त्याला ते कळत पण नाही.

मग पैसे मोजा

एक साधं उदाहरण करू. घरखर्च महिन्याला २२,०००, म्हणजे वर्षाला २,६४,०००. धंद्याचा खर्च: पेट्रोल ४८,०००, मोबाइल ६,०००, हत्यारं आणि त्यांची दुरुस्ती २५,०००, गाडीचा विमा-सर्व्हिसिंग १२,०००, प्रोफेशन टॅक्स आणि सीएची फी मिळून ८,०००. हे झाले ९९,०००. घरच्यांचा मेडिक्लेम २०,००० आणि पीपीएफमध्ये महिन्याला ३,००० म्हणजे ३६,०००, मिळून ५६,०००. शिवाय वर्षात कुणी ना कुणी पैसे बुडवतोच, त्याला २१,००० धरा. एकूण ४,४०,०००.

याला २२० ने भागा, दिवसाचे २,००० आले. ३०० ने भागलं असतं तर साधारण १,४६७. दिवसामागे ५३३ रुपयांचा फरक, तुमच्या सगळ्या सुट्ट्या, आजारपण आणि फुकट गेलेले दिवस त्या फरकात आहेत. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, गिऱ्हाइकाला दाखवायचा नाही, आपल्याला माहीत पाहिजे.

लगेच प्रश्न येतो की बाजारात १,२०० नाहीतर १,५०० चालतंय, २,००० कोण देणार? बरोबर आहे, म्हणूनच रोजंदारीवर काम शक्यतो घेऊ नका. पॉइंटवर घ्या (एका दिव्याच्या, पंख्याच्या, प्लगच्या जोडणीमागे इतके), उक्तं घ्या (पूर्ण कामाचा मिळून एकच आकडा). सवयीच्या कामात तुमचा हात बसला की उक्त्या कामात दिवसाचे २,००० सुटतात आणि गिऱ्हाईकही एकूण आकडा बघतं, त्याला दिवसाशी देणंघेणं नसतं. बघायला येण्याचे पैसे वेगळे सांगा आणि काम दिलं तर ते बिलातून वजा करा, निम्म्या फुकट चकरा इथंच कमी होतात.

दुसरा उपाय म्हणजे वर्षाचं मेंटेनन्स. लातूरला क्लासेस आणि होस्टेल एवढे आहेत की ज्याला दहा-बारा एसीचं, मोटारीचं, गीझरचं वर्षाचं काम बांधून घेता येतं त्याची निम्मी काळजी मिटते. सर्व्हिसिंग उन्हाळ्याआधी फेब्रुवारीत एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा, तारखा तुम्ही ठरवायच्या. असं करून ५६ मधले १६ दिवस जरी वाचवले तरी २३६ दिवस होतात आणि तोच ४,४०,००० चा खर्च दिवसाला १,८६४ मध्ये बसतो. म्हणजे सुट्टी एकही न कापता रेटवरचा ताण कमी झाला.

दोन खाती, आणि स्वतःला पगार

हे आजच्या आज करा. धंद्याचं खातं वेगळं, घरचं वेगळं. गिऱ्हाइकाचे सगळे पैसे, फोनपेचे असोत नाहीतर रोख, धंद्याच्या खात्यात. एक तारखेला तिथून घरच्या खात्यात २२,००० टाकायचे, जास्त नाही कमी नाही.

कारण आपली कमाई सारखी येत नाही. मे महिन्यात २६ दिवस काम लागलं तर ५२,००० हातात येतात आणि माणसाला वाटतं आपलं बरं चाललंय, नवीन मोबाइल घेऊ, गाडी बदलू. पण वरच्या उदाहरणातला सगळा वर्षाचा खर्च महिन्यावर वाटला तर ३६,६६७ बसतो. म्हणजे मे मध्ये १५,००० च्या आसपास जास्तीचे आहेत. आणि जुलैत पावसानं १२ च दिवस लागले की २४,००० येतात, तिथं १२,६६७ कमी पडले. मे मधले जास्तीचे पैसे हा जुलैचा पगार आहे, तो खर्च केला तर जुलैत सुट्टी घ्यायची सोडा, कुठलंही पडेल ते काम पडेल त्या भावात घ्यावं लागतं. आणि पडेल त्या भावात घेतलेलं काम पुढच्या वर्षी पण त्याच भावात मागितलं जातं.

याशिवाय तीन महिन्यांचा घरखर्च, इथं ६६,०००, एफडीत बाजूला पाहिजे. एकदम जमत नाही, वर्ष दीड वर्ष लागतं, लागू द्या.

कॅलेंडर आधी भरा, कामं नंतर

हे पाडव्याच्या आसपास बसून करायचं. आपल्या धंद्याचा सीझन समोर ठेवा. एसी-कूलरवाल्याला मार्च ते जून श्वास घ्यायला वेळ नसतो. लातूरला त्यात आणखी एक गोष्ट, नीट परीक्षा मे च्या सुरुवातीला होते, पोरं होस्टेल सोडून जातात आणि जूनमध्ये नवीन बॅच येते, मधल्या तीन-चार आठवड्यांत सगळ्या होस्टेलवाल्यांना वायरिंग, पंखे, गीझर, रंग सगळं एकदमच करायचं असतं. त्या वेळेला मोठी सुट्टी घेणं म्हणजे वर्षाची कमाई सोडणं, घेऊ नका. मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये ठेवा, बाहेरचं काम पावसानं तसंही अडतं, किंवा दिवाळी झाल्यावर मुलांना सुट्ट्या असतात तेव्हा. संभाजीनगरच्या वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा किंवा जालन्याच्या एमआयडीसीत कंपन्यांची मेंटेनन्सची कामं घेणाऱ्यांचं उलटं आहे, कंपनी दिवाळीला बंद असते तेव्हाच तुम्हाला आत जाऊन पॅनल उघडायचं असतं. त्यांनी घरी आधीच सांगून ठेवावं की भाऊबीज झाल्यावर पुढचा आठवडा आपला, आणि तो आठवडा खरंच मोकळा ठेवावा. सणाला काम केलं म्हणून जास्तीचा दर पण लावा, कंपन्या देतात, मागणाऱ्याला देतात.

सणाचे दिवस मात्र सोडू नका. वेळ अमावस्येला लातूर-धाराशिवकडं अख्खं शहर शेतात असतं, दुकानं बंद, त्या दिवशी काम करून तुम्ही कुणाला काय दाखवणार? आई-वडील, बायको-पोरं, बहिणीचे पोरं सगळे शेतातल्या कोपीपाशी (कडब्याची खोप) बसून भज्जी-उंडे खात असतात आणि आपण कुठंतरी स्टुलावर उभं राहून पंखा लावतोय, हे बरोबर नाही. पोरांना बापाची आठवण कामावर जाणारा माणूस म्हणून राहावी असं कुणालाच वाटत नसेल.

आठवडी सुट्टी कोणत्या दिवशी, हा ज्याचा त्याचा प्रश्न. घरगुती कामं करणाऱ्याला रविवारी सगळ्यात जास्त फोन येतात कारण लोक घरी असतात, त्यानं सोमवार ठेवला तरी चालतं. बरेच गवंडी अमावस्येला काम बंद ठेवतात, साइटवर काम असेल तर त्यांच्याबरोबर सुट्टी जुळवा. फक्त दिवस ठरलेला पाहिजे, नाहीतर गिऱ्हाईकच तुमची सुट्टी ठरवतं.

उन्हाळ्यात सुट्टी नसली तरी दुपार सोडा. मराठवाड्यात मे मध्ये पारा ४२-४३ ला जातो. गच्चीवर आउटडोअर युनिटचा पत्रा एवढा तापलेला असतो की पाना उन्हात ठेवला तर परत हातात धरवत नाही, आणि त्या उन्हात गॅस भरताना प्रेशर चढलेलं दिसतं म्हणून अंदाज पण चुकतो. सकाळी साडेसहाला सुरू करा, साडेअकराला खाली उतरा, साडेचारला परत चढा. ताक, पाणी, डोक्याला पंचा. तुमच्या हाताखालच्या पोरालाही बारा ते चार गच्चीवर ठेवू नका, त्याची जबाबदारी तुमची आहे.

पैसे आले तरच सुट्टी होते

सुट्टीच्या आधी पैसे अडकलेले असले की माणूस शेतात बसून पण फोनकडंच बघत असतो. म्हणून टप्पे पाडा. घराच्या वायरिंगला ३० टक्के सुरुवातीला, ३० टक्के भिंतीतलं पाइपिंग झालं की, ३० टक्के वायर ओढून झाल्यावर, शेवटचे १० टक्के बोर्ड-फिटिंग आणि टेस्टिंग झाल्यावर. हे काम सुरू करायच्या आधी व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा आणि समोरच्याचा "ठीक आहे" घ्या. मागचा टप्पा मिळाला नाही तर पुढचा सुरू करायचा नाही, गोड बोलून पण ठाम.

शेतकरी गिऱ्हाइकाची गोष्ट वेगळी, ती समजून घ्या. तो म्हणतो सोयाबीन निघाल्यावर देतो, आणि खोटं बोलत नसतो, त्याच्या हातात पैसाच ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतो. अशा वेळेला मटेरियल त्यालाच आणायला सांगा, निम्मी मजुरी आत्ता घ्या, राहिलेल्याची तारीख ठरवा. मटेरियलचे पैसे आपल्या अंगावर कधीच घेऊ नका. वायरच्या बंडलांची उधारी दुकानदार तुमच्याकडं मागतो, गिऱ्हाइकाकडं नाही.

कंपनी, शाळा, हॉस्पिटल, बिल्डर यांची कामं करत असाल तर उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी) करा, ऑनलाइन आहे, फुकट आहे, आधार आणि पॅन लागतं, एजंटला पैसे देऊ नका. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार रजिस्टर असलेल्या सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं आणि सुविधा परिषदेकडं (थकलेल्या पैशाच्या तक्रारी बघणारी सरकारी परिषद) ऑनलाइन तक्रार करता येते. तक्रारीपर्यंत जावंच लागतं असं नाही, बिलावर उद्यम नंबर आणि "४५ दिवसांत" एवढं छापलं तरी अकाउंट्सवाल्याला ते दिसतं.

अशा ठिकाणी टीडीएस, म्हणजे बिलातूनच आधी इन्कम टॅक्स, कापतात. एका बिलाला ३०,००० च्या वर किंवा वर्षाला एका पार्टीकडून १ लाखाच्या वर गेलं की वैयक्तिक गुत्तेदाराला १ टक्का. पॅन दिला नाही तर २० टक्के कापतात, म्हणून पॅन आधीच द्या. उत्पन्न टॅक्समध्ये बसत नसलं तरी रिटर्न भरा, कापलेले पैसे परत मिळतात आणि उद्या गाडीचं, घराचं कर्ज घ्यायचं तर तीन वर्षांचे रिटर्न मागतातच. जीएसटी रजिस्ट्रेशन सेवा देणाऱ्याला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेल्यावर लागतं. मटेरियल तुमच्या बिलावर लावलं की ती रक्कम पण उलाढालीत धरली जाते, हे लक्षात ठेवा. स्वतःचं मटेरियल न लावण्याचं हे अजून एक कारण.

जोडीदार शोधा

एकट्या माणसाला सुट्टी मिळत नाही, हे मला सगळ्यात जास्त पटलेलं आहे. आपल्याच कामातला, आपल्याएवढंच चांगलं काम करणारा एक माणूस गाठा आणि साधा करार करा: तुझ्या सुट्टीत तुझी गिऱ्हाइकं मी बघतो, माझ्या सुट्टीत तू. मजुरी जो जाईल त्याची, आणि गिऱ्हाईक मात्र ज्याचं त्याचंच राहणार. दुसऱ्यानं आपला नंबर देऊन यायचं नाही. आमच्याकडं असंच चालतं. वेळ अमावस्येला मी शेतात असताना एका होस्टेलचा फोन आला, एमसीबी (बिघाड झाला की आपोआप वीज तोडणारा स्विच) सारखी पडतेय, पोरांना पाणी नाही. मी होस्टेलवाल्या काकांना म्हणलं, काका मोटारीचा स्विच बंद ठेवा, माणूस येतोय. जोडीदाराचं शेत शहराजवळ, तो जेवण करून गेला, मोटारीच्या केबलचा जॉइंट ओला झाला होता तो काढून नवीन केला, मजुरी त्यानं घेतली. त्याच्या बहिणीच्या लग्नात मी त्याची दोन ठिकाणची कामं बघितली. कुणाचं काही अडलं नाही.

गिऱ्हाइकांना आधी कळवणं पण तेवढंच महत्त्वाचं. मोठ्या सुट्टीच्या आठ दिवस आधी मेसेज टाका, असा काहीतरी: "नमस्कार, मी अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत सुट्टीवर आहे. काही काम असेल तर त्याआधी सांगा, करून देतो. मधे अर्जंट लागलं तर या नंबरवर फोन करा, आमचाच माणूस आहे." बघा, या मेसेजनंच आठ दिवसांत तीन-चार कामं येतात, लोकांना आठवण होते.

सुट्टीत फोन पूर्ण बंद करू नका, पण सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा बघा. शॉक बसतोय, जळका वास येतोय, अशा गोष्टीला लगेच उत्तर द्यायचं, मेन स्विच बंद करायला सांगायचं आणि जोडीदाराला पाठवायचं. डोअरबेल वाजत नाही हे सोमवारी बघता येतं. आणि अर्जंट म्हणून सुट्टीच्या दिवशी बोलावलं तर दीडपट घ्या, आधी सांगून घ्या. निम्मे अर्जंट फोन तिथंच "उद्या आलात तरी चालेल" होतात.

न मागता येणारी सुट्टी

शिडीवरून पाय घसरला, हात मोडला, डेंग्यू झाला, की सहा आठवडे गेले. ६६,००० ची एफडी यासाठी आहे. प्रधानमंत्री सुरक्षा विमा वर्षाला फक्त २० रुपयांत २ लाखांचं अपघाती कव्हर देतो, १८ ते ७० वय, बँकेत फॉर्म भरला की दरवर्षी खात्यातून आपोआप कापलं जातं. त्या वेळेला खात्यात पैसे असू द्या. जीवनज्योती हा आयुर्विमा वर्षाला ४३६ रुपयांत २ लाखांचा, १८ ते ५० वयात घेता येतो. पण सुरक्षा विमा मृत्यू आणि अपंगत्वासाठी आहे, प्लास्टर घालून घरी बसलात तर त्याचे पैसे मिळत नाहीत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, ती पण दवाखान्याचं बिल भागवते, बुडालेली कमाई नाही. कमाईसाठी तुमचीच शिल्लक.

हाताखाली पोरगं असेल तर त्याचाही सुरक्षा विमा काढून द्या, २० रुपये तुम्ही भरा. आणि त्याला आठवड्याची एक सुट्टी पगारी द्या. तो टिकेल, काम शिकेल, आणि वर्ष-दोन वर्षांनी तुम्ही नसताना साधी कामं तोच करून येईल.

पहिल्या वर्षी

पहिल्या वर्षी २,००० चा रेट मिळणार नाही आणि २२० दिवस पण भरणार नाहीत, घाबरू नका. घरखर्च भागेल एवढा खालचा आकडा ठरवा, त्याच्या खाली काम घ्यायचं नाही. कामं कमी असतात म्हणून सुट्टीची गरज नाही असं वाटतं, तरी आठवड्यातला ठरलेला दिवस सोडू नका, कारण दुसऱ्या वर्षी कामं वाढल्यावर नवीन सवय लागत नाही. रिकाम्या दिवशी ओळखीच्यांची फुकट कामं करत बसू नका, त्यापेक्षा वायरमनचा परवाना नसेल तर त्याची तयारी करा, इन्व्हर्टर एसीचे पीसीबी (आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किटचं कार्ड) किंवा सोलरचं काम शिकून घ्या, त्याला पुढं रेट चांगला आहे. कोणत्या कामाला किती वेळ लागला आणि किती पैसे सुटले हे रोज संध्याकाळी वहीत एका ओळीत लिहा. मार्चअखेरीला ती वही उघडून दिवस आणि पैसे पुन्हा मोजा, नवीन रेट काढा आणि १ एप्रिलपासून सगळ्यांना तोच सांगा, जुन्या गिऱ्हाइकांना पंधरा दिवस आधी कळवून.